वेशीपासून पांदणीपर्यंत

पहाटे साडेपाच

पौष लागला की आमच्या धंद्यात सामसूम. मुहूर्त नाहीत म्हणून लग्नं नाहीत, लग्नं नाहीत म्हणून अल्बम नाहीत. स्टुडिओत येतात ते पासपोर्ट साइझवाले, त्यांना भाचा सांभाळतो. मी कारंज्याच्या गल्ल्याबोळांचे आणि गावाबाहेरच्या पायवाटांचे फोटो काढायला मोकळा. हे फोटो कुणी विकत घेत नाही. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक नकाशा आहे, २००४ साली इंग्लंडात सुरू झालेला. जगभरची माणसं तो फुकट भरतात आणि फुकट वापरतात. त्यात मी वाटा भरतो, त्यांचे फोटो विकिमीडिया कॉमन्सवर चढवतो. घरात मला ‘बिनपगारी तलाठी’ म्हणतात.

पिशवीत कॅमेरा आणि २४ मिलिमीटरची लेन्स. बोळीत मागे सरकायला जागाच नसते, तिथे लांबची लेन्स काय कामाची! शिवाय मोजपट्टी, वही, पेन्सिल आणि ग्लुकोज बिस्किटांचा पुडा. पुडा कुत्र्यांसाठी. तो जवळ नसेल तर सातच्या आत कारंज्याच्या कोणत्याही बोळीत शिरू नये.

पावणेसात, दिल्ली वेस

कारंजा तटबंदीचं गाव. तट बहुतेक गेला, वेशींची नावं राहिली: दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा. एक वेस थेट दिल्लीचं नाव लावते आणि दुसरी आपल्याच तालुक्यातल्या पोहा गावाचं. दोघींचा तोरा मात्र सारखाच. तट बांधायचं कारणही होतं. गाव व्यापारी, सधन, आणि ते बाहेर ठाऊक होतं. १६७० साली सुरतेची दुसरी लूट झाल्यावर शिवाजी महाराजांचं सैन्य वऱ्हाडात उतरलं ते कारंज्यावरच.

गल्ल्या इतक्या अरुंद का, असं विचारलं की जुनी माणसं दरोडेखोरांचं कारण सांगतात: घोडेस्वाराला वळता येऊ नये. असेलही. मला विचाराल तर खरं कारण वऱ्हाडचा उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे सरकतो तेव्हा बाहेरच्या नव्या, तीस फुटी रस्त्यांच्या कॉलनीत दुपारी चिटपाखरू नसतं, आणि जुन्या बोळीत बाया ओट्यावर बसून गहू निवडतात.

सावली फोटोलाही सोयीची. जानेवारीत सूर्य दक्षिणेला कललेला. भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश चढतो. पूर्व-पश्चिम बोळीत दक्षिणेची भिंत वीस फुटांची असली, तर जमिनीला आठवडेच्या आठवडे ऊन लागत नाही. दक्षिणोत्तर बोळीत मात्र बाराच्या सुमारास ते थेट लांबीने आत शिरतं. अर्धं ऊन, अर्धी सावली असली की फोटोची माती होते: भिंत सांभाळावी तर जमीन काळी, जमीन सांभाळावी तर भिंत पांढरीफटक. म्हणून दक्षिणोत्तर बोळी आधी उरकायच्या, पूर्व-पश्चिमच्या मागाहून.

प्रत्येक बोळीचे तीन फोटो: तोंड, मध्य, शेवट. तोंडाच्या फोटोत मोठ्या रस्त्यावरची एखादी कायमची खूण आलीच पाहिजे. डीपी, हापसी, देवळाचा कळस, काहीही. दुकानाची पाटी नको, ती बदलते. मध्याच्या फोटोत वळण दिसावं आणि शेवटच्या फोटोत पुढे कुठे निघतो ते. कोरीव दरवाजा, त्यावर तिरपं ऊन, खाली बसलेली मांजर, असले फोटो मीही पूर्वी पुष्कळ काढले. त्यांना लाइक मिळतात. पण ते पाहून कुणाला कुठे पोहोचता येत नाही. ज्या फोटोवरून परक्या माणसाला कळतं की डावीकडे वळलं तर रस्ता आहे आणि सरळ गेलं तर कुणाचं तरी न्हाणीघर, तो माझ्या लेखी कामाचा.

साडेसात

आज नळ येण्याचा दिवस आहे, हे बोळीच्या तोंडाशीच कळलं. घराघरातून टिल्लू पंपाचा घरघराट आणि जमिनीवर आडवे पडलेले हिरवे पाइप. ओलांडत ओलांडत आत गेलो. मोजपट्टी लावली: तोंडाशी २.१ मीटर, आत १.४. ओट्यावरच्या काकूंनी हातातली बादली खाली ठेवली.

“कायचे फोटो काढून राह्यले जी? मोजणी हाय का?”

“नाही काकू. नकाशात गल्ली टाकून राह्यलो.”

“अतिक्रमणवाले त नोहोत ना? ओटा पाडसान आमचा.”

“ओट्याले कोण हात लावते!”

“मंग नकाशात टाकून काय होते? नाली त साफ होत नाही.”

याला माझ्याकडे उत्तर नसतं. कॅमेऱ्यापेक्षा मोजपट्टीला लोक जास्त भितात, हे मात्र खरं. म्हणून आधी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवायचा, मग पट्टी काढायची. घराच्या आतलं काही येऊ द्यायचं नाही, दोरीवरचे कपडे येऊ द्यायचे नाहीत. एखादी बाई अंगणात केस विंचरत असेल तर कॅमेरा बंद करून पुढे चालू पडायचं. ती बोळ दुसऱ्या दिवशी.

काकूंच्या ओट्याचा फोटो मात्र परवानगी घेऊन काढला. या ओट्याला पूर्वी पाच पायऱ्या होत्या, असं त्या म्हणाल्या. आता दोन दिसतात. बाकीच्या तीन कुठे गेल्या ते नालीच्या कडेला वाकून बघितलं की समजतं. तिथे बोळीचा छेदच उघडा पडलाय: सर्वांत खाली काळ्या दगडाची जुनी फरशी, तिच्यावर मुरूम, त्यावर सिमेंटचा थर, परत एक थर, आणि वर हल्लीचे लाल-पिवळे गट्टू. दर वेळी जुनं न उकरता वरच नवं टाकलं. बोळ चढत गेली, घरं जागच्या जागी राहिली. समोरच्या घराचा उंबरा आता बोळीपेक्षा चार बोटं खाली आहे, आणि पावसाळ्यात त्यांनी दारात विटांचा बांध घातल्याचं ओल्या भिंतीवरून दिसतं. कॅमेरा जमिनीला टेकवून, उंबरा आणि गट्टू एका रेषेत येतील असा हा फोटो घेतला. नकाशात ‘पृष्ठभाग’ म्हणून एक रकाना असतो, त्यात मी ‘पेव्हर’ भरलं. चार बोटांसाठी रकाना नाही, म्हणून ते फोटोखालच्या वर्णनात लिहिलं.

२०२२ च्या जुलैत गुगलने स्ट्रीट व्ह्यू भारतात आणलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत महाराष्ट्रातली चार होती: मुंबई, पुणे, नाशिक, अहमदनगर. डोक्यावर कॅमेरे लावलेली मोटार रस्त्यांवरून फिरते आणि फोटो घेत जाते. ती उद्या कारंज्यातही येईल, येऊ दे. वेशीपर्यंत येईल. जिथे स्कुटीचं हँडल भिंतीला घासतं तिथे तिचं काम नाही, आणि गाव तर नेमकं तिथूनच सुरू होतं.

नऊ

आलुबोंडा, त्यावर तर्री, आणि कट चहा. टपरीवाला रोज तेच विचारतो, “सरकारचं काम हाय का भाऊ?” मी रोज नाही म्हणतो आणि तो रोज डोळा मारतो.

तेवढ्यात एक पांढरी अर्टिगा टपरीशी थांबली. पुण्याची मंडळी, गुरुमंदिराला निघालेली. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून कारंज्यात बारा महिने बाहेरची माणसं येतात; गाणगापूर, नरसोबाची वाडी केली की ही यात्रा करायचीच. मोबाइल त्यांना जवळचा रस्ता म्हणून जुन्या गावात घालत होता. जवळचा खराच, पण चालत्या माणसाला. गाडी एकदा आत गेली की तिला आरसे मिटवून उलटं यावं लागतं, आणि मागे तोवर घंटागाडी आलेली असते. अशा वेळी गल्लीतली दोन-चार पोरं आनंदाने ‘येऊ द्या, येऊ द्या’ करतात आणि बंपर ओट्याला लावतात. मोजपट्टी घेऊन मी हिंडतो ते यासाठी. रुंदीचा आकडा भरला की मी भरतो त्या नकाशावर चालणारी, वाट दाखवणारी काही अ‍ॅप तरी मोटारीला तिथे पाठवत नाहीत.

पत्ता सांगण्याची इथली पद्धतही नकाशाला जुमानत नाही. ‘जैन मंदिराच्या मागच्या बोळीत, विहिरीवाल्या वाड्याच्या बाजूनं’ असं सांगितलं की झालं. पण जैन मंदिरं इथे एकाहून जास्त. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तिन्ही परंपरांची मंदिरं या गावात, आणि त्यांच्या भांडारांत हस्तलिखितं. १९२० च्या दशकात डॉ. हिरालाल जैन त्यांच्या मागावर इथे आले. पुष्पदंताचं अपभ्रंश काव्य ‘जसहरचरिउ’ प. ल. वैद्यांनी संपादित करून १९३१ साली छापलं ते कारंजा ग्रंथमालेत. ‘णायकुमारचरिउ’ हिरालालजींनी १९३३ मध्ये. दहाव्या शतकातला कवी विसाव्या शतकातल्या वाचकांपर्यंत पोहोचला तो या गल्ल्यांमधून. इथल्या एका बोळीत मी शक्य तितका हळू चालतो. तिथे दोन्ही बाजूंना सागवानी माड्या पुढे झुकलेल्या, वर आकाशाची एक पट्टी, आणि मोबाइलचा जीपीएस वेडा झालेला. भिंतींमुळे उपग्रहाचा सिग्नल थेट येत नाही, आपटून येतो, आणि पडद्यावरचा निळा ठिपका मला शेजारच्या वाड्याच्या माजघरात उभा दाखवतो. इथे यंत्रावर विसंबायचं नाही. बोळीच्या तोंडापासून पावलं मोजायची आणि रात्री उपग्रहाच्या चित्रावर छपरं ओळखून रेघ ओढायची. कवेलूचं छप्पर, टिनाचं छप्पर, मग स्लॅबवरची काळी टाकी, तिथे डावं वळण.

साडेअकरा

ऊन आत आलं. बोळी बंद.

गावातून निघून रेल्वेच्या रुळांवर आलो. मूर्तिजापूर–यवतमाळ ही अडीच फुटी गेजची लाइन, लोकांच्या तोंडी ‘शकुंतला’. मँचेस्टरला १९२१ मध्ये घडवलेलं वाफेचं इंजिन तिने १९९४ पर्यंत ओढायला ठेवलं, मग डिझेल आलं, मग गाडीच बंद झाली. रूळ आहेत. त्यांच्या मधून आता पायवाट पडलीय, अगदी सरळ, कारण तिच्यासाठी चढउतार आणि ओढे इंजिनिअरांनी कधीच सोडवून ठेवलेत. डबे घेऊन शेताकडे निघालेल्या बाया, सायकल हातात धरून चालणारा पोरगा, शेळ्या. नकाशात ही लाइन ‘बंद रेल्वे’ म्हणून आहे. मी तिच्यावर पायवाटेची रेघही ओढली. एका अनोळखी सभासदाने हरकत घेतली होती की रुळांवरून चालणं कायदेशीर नाही. नसेल, पण ज्या वाटेवर गवत उगवायला वेळ मिळत नाही ती नकाशात नसणं मला जास्त बेकायदेशीर वाटतं.

एक

घरी भाकर, वांग्याचं भरीत, जवसाची चटणी. कार्डावरचे फोटो संगणकावर उतरवले, बॅटरी बदलली, डोळा लागला.

अडीच

मोटरसायकलने मंगरूळपीरच्या बाजूला. वाटेत समृद्धी महामार्गाच्या पुलाखालून जावं लागतं. ७०१ किलोमीटरचा नागपूर–मुंबई रस्ता. त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. त्यावर मोटारी ताशी १२० ने जातात. दुचाकीला बंदी, पायी चालणाऱ्याला तर प्रश्नच नाही. सकाळी मी जिथे होतो तिथे मोटारीला बंदी नाही, ती मावत नाही एवढंच. एकाच तालुक्यात दोन्ही टोकं आहेत, आणि लोकांचं रोजचं येणं-जाणं या दोहोंच्या मधल्या वाटांनी, ज्या कोणत्याच नकाशात धड नाहीत.

तांडा उतारावर आहे. गाव खाली, पाण्याजवळ. बंजाऱ्यांचा तांडा वर, टेकडीच्या अंगाला. या भागात पुष्कळ तांडे असेच बसलेले. पोहरादेवी आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे सेवालाल महाराजांचा पांढरा झेंडा लांबूनच दिसतो आणि रस्ता विचारावा लागत नाही. तांडा सुधार योजनेतला सिमेंटचा रस्ता मधून वर चढतो आणि शेवटच्या घरापाशी एकदम संपतो. तिथून पुढे पायवाटा फुटतात, त्यांच्यासाठी मी आलो होतो.

एका घराच्या सावलीत म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत होती. नातू तिला ‘याडी’ म्हणत होता, म्हणून मीही म्हणालो. ती हसली आणि आमच्यासारख्याच वऱ्हाडीत तिने वाटांची ओळख करून दिली. “हे शाळेची. हे पाण्याची. हे वरची गवताची. अन् ते तिकडची, बापू, ते आमची नोहे, ते रानडुकराची.” चौथी वाट मी नुसती पाहिली. माणसाची वाट चढावर तिरकी, नागमोडी जाते. ती झुडपांखालून सरळ घुसली होती, गुडघ्याएवढ्या उंचीच्या बोगद्यातून.

उतारावरच्या वाटेचा फोटो कठीण. खालून वर घेतला तर चढ सपाट दिसतो, वरून खाली घेतला तर वाटच दिसत नाही, नुसती दरी. आडवं उभं राहून, वाट चौकटीतून कोपऱ्यातून कोपऱ्यात जाईल असं घ्यावं लागतं, आणि कुणी चालत येईपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे उतार किती ते कळतं. पाठमोरं माणूस मिळालं तर उत्तम. तीनच्या पुढे ऊन तिरपं झालं की वाटेची खोलगट रेघ आपोआप उठून येते; सकाळी बोळीत जी सावली सगळीकडे सारखी हवी असते, ती इथे एका कडेला हवी.

पाण्याची वाट पुसत चाललीय. नळ वस्तीत आला, विहिरीवर कोण जाणार? गवत मधोमध आलंय, दोन्ही बाजूंनी तरवड आत वाकलाय. तांड्यातली काही घरंही कुलूपबंद. दिवाळी झाली की माणसं बाहेर पडतात, कुणी ऊसतोडीला, कुणी पुण्या-मुंबईकडे बांधकामावर. कुलपाच्या घरापुढची वाट महिन्याभरात ओळखू येईनाशी होते. नकाशात ती भरायची की नाही? मी भरतो. माणसं उन्हाळ्यात परत येतात, वाटही येते. म्हातारीने ओंजळभर शेंगा पिशवीत टाकल्या आणि फोटोत आपलं डोकं आलं का, एवढी खात्री करून घेतली. आलं नव्हतं. तिला ते फारसं आवडलं नाही.

साडेचार

खाली उतरताना एका शेतकऱ्याने हात दाखवून थांबवलं. माझ्या फिरण्याची बातमी माझ्या आधी पोहोचलेली असते.

“फोटोवर तारीख येते का जी?”

येते म्हटल्यावर त्याने आपली पांदण दाखवली. आता पांदण कसली, सुरुवातीची पन्नास पावलं बैलगाडीची चाकोरी दिसते, पुढे बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या. काट्या टाकणारा चुलतभाऊ. पावसाळ्यात ट्रॅक्टर येत नाही, तूर काढली की डोक्यावरून वाहायची.

पिशवीत गाव नकाशाची झेरॉक्स होती, ती बांधावर पसरली. या नकाशांची भाषा साधी आहे. तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. त्याच्या वावरापाशी रेघ दुहेरी होती. त्याने बोट ठेवलं ते बराच वेळ उचललं नाही. असलेली वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, आणि वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून मागता येते. हे त्याला माझ्याहून जास्त पाठ होतं. त्याला हवा होता तो पुरावा, की वाट आहे आणि अडवली आहे.

असा फोटो घाईत काढायचा नाही. आधी हद्दीचा दगड शोधला, गवतात बुडालेला, पायाने चाचपून. तो चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात. चाकोरीच्या दोन्ही रेघा मधे. मागे विहीर आणि विजेचा खांब, खांबावरचा नंबर वाचता येईल इतका स्पष्ट. मग पलीकडे जाऊन उलट दिशेने तेच. मग काट्यांचा जवळून, मोजपट्टी आडवी ठेवून. तहसीलदार पाहणीला येतील तेव्हा फोटो हातात धरून त्यांना त्याच जागी उभं राहता आलं पाहिजे. ऊन उतरत होतं, काट्यांच्या सावल्या चाकोरीवर आडव्या लांबत होत्या. छान दिसत होतं, पण त्याने खांबाचा नंबर झाकला जात होता, म्हणून दोन पावलं सरकलो.

साडेसात ते साडेनऊ

कंटाळवाणं काम, आणि खरं काम हेच. चेहरे आले असतील तिथे पुसट करायचे, गाड्यांचे नंबर पुसट करायचे. फोटोच्या नावात गाव, पेठ, वाटेचं टोक आणि दिशा. सकाळच्या एका बोळीला दोन नावं मिळाली होती: या टोकाची माणसं एका आडनावाने ओळखतात, त्या टोकाची दुसऱ्या. दोन्ही भरली, नकाशात ‘पर्यायी नाव’ असा रकाना आहे. कोणतं आधी लिहायचं यावरून मात्र उद्या दोन्ही टोकांची माणसं टपरीवर मला धरणार.

वरच्या गवताच्या वाटेवर रेघ ओढत होतो तेवढ्यात फोन वाजला. दुपारचा शेतकरी.

“भाऊ, फोटोत काट्या चांगल्या दिसून राह्यल्या ना?”

“दिसून राह्यल्या.”

“दोन कॉप्या काढजा मोठ्या. एक तहसीलले लावतो.”

“अन् दुसरी?”

“दुसरी त्याच्या घरी नेऊन देतो. सख्ख्या काकाचा पोरगा हाय. कागद कचेरीत टाकाच्या आधी त्याले दाखवा लागते.”